शांतता कोणाची? : वरळीच्या जपानी बुद्धमंदिराच्या निमित्ताने

गर्दीच्या शहरातले शांत बुद्धमंदिर हा मराठी ललित लेखनाचा एक ठरीव विषय होऊन बसला आहे. रविवारच्या पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून, प्रवासवर्णनांतून तो पुन्हा पुन्हा भेटतो. लेखक शहराला वैतागलेला असतो. भोंगे, घाम, लोकलची रेटारेटी यांवर त्याचा एक परिच्छेद खर्ची पडतो. मग एक फाटक लागते. फाटकाच्या आत झाडे, झाडांच्या मागे गाभारा, गाभाऱ्यात डोळे मिटून किंचित हसणारा बुद्ध. लेखक चपला काढतो, पाचदहा मिनिटे बसतो, आपण कुठल्या तरी वेगळ्या विश्वात आलो असे त्याला वाटते, आणि तो ताजातवाना होऊन बसस्टॉपकडे वळतो. लेख तेथे संपतो. बुद्ध काय म्हणाला, कोणाला म्हणाला, त्या मंदिरात कोण येते, शेजारी कोण राहते, यांपैकी एकही प्रश्न त्याला पडलेला नसतो. भिक्षू असलाच तर तो 'प्रसन्न' असतो. तो बोलत नाही. बोलला तरी लेखकाला त्याचे म्हणणे नको असते, त्याचा चेहरा हवा असतो.

या लेखनाकडे दुर्लक्ष करावे, असे काही मित्रांचे मत आहे. प्रस्थापितांच्या विरंगुळ्याची समीक्षा कशाला करायची, असे ते विचारतात. मला तसे वाटत नाही. कारण हाच सूर आता आपल्या कवितांतही उमटू लागला आहे, आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखनातही. म्हणून एका ठिकाणाचा आधार घेऊन हा प्रश्न नीट तपासला पाहिजे.

मुंबईत या लेखनाचे लाडके ठिकाण म्हणजे वरळीचे जपानी बुद्धमंदिर. ॲनी बेझंट रस्त्यावर, पोदार रुग्णालयाजवळ ते आहे. निप्पोनझान म्योहोजी या जपानी पंथाचे हे मंदिर. पंथाचे संस्थापक भिक्षू निचिदात्सु फुजी (१८८५–१९८५). एकोणीसशे पन्नासच्या दशकातील ही वास्तू, आणि तिच्या उभारणीला बिर्ला घराण्याचे साहाय्य होते. बाहेर बसगाड्या आणि टॅक्सी. २०२५ पासून त्याच भागात जमिनीखालून मेट्रोही धावते. आत थोडी झाडे, बुद्धमूर्ती, भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रे आणि एक मोठा ढोल. मी त्या भागात शिकवीत असताना तेथे अनेकदा जात असे, आजही जातो. जागा चांगली आहे. दारात कोणी तुमची जात काढीत नाही, पुजाऱ्याचा हात पुढे येत नाही. मुंबईत अशा जागा मोजक्याच. माझे भांडण त्या मंदिराशी नाही. त्याच्याविषयी जे लिहिले जाते त्याच्याशी आहे.

वरळीपासून काही किलोमीटरवर, त्याच समुद्राच्या काठी, दादरला बौद्धांचे दुसरे ठिकाण आहे. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या देहाला जेथे अग्नी दिला गेला, तेथील स्तूपाचे उद्‌घाटन १९७१ च्या डिसेंबरात झाले. आज आपण त्याला चैत्यभूमी म्हणतो. दरवर्षी ६ डिसेंबरला तेथे लाखो माणसे येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, आणि महाराष्ट्राबाहेरूनही. शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात. शंभर-दोनशे रुपये जवळ बाळगून आलेली बाई त्यातले पन्नास रुपये पुस्तकाला देते. अशी ग्रंथखरेदी मराठीच्या कोणत्या साहित्यसंमेलनात होते ते त्या संमेलनांच्या हितचिंतकांनी सांगावे.

या दोन ठिकाणांविषयी एकाच वर्तमानपत्रात काय छापून येते ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. वरळीबद्दल लिहिताना 'शांत', 'पवित्र', 'मनाला विसावा देणारे'. दादरबद्दल लिहिताना 'गर्दी', 'वाहतुकीचा खोळंबा', 'अस्वच्छता', 'स्थानिक रहिवाशांची गैरसोय'. दोन्हीकडे बुद्ध आहे. दोन्हीकडे वंदना म्हटली जाते. मग फरक कशात आहे? वरळीला बुद्ध आहे आणि आपण नाही. दादरला बुद्ध आहे आणि आपण आहोत. या लेखनात ज्याला शांतता म्हटले जाते ती बऱ्याच वेळा आपल्या अनुपस्थितीचे दुसरे नाव असते. जपानचा बुद्ध, श्रीलंकेचा बुद्ध, थायलंडचा बुद्ध चालतो; परदेशी बुद्धाबरोबर राखीव जागा येत नाहीत, नामांतर येत नाही, मोर्चा येत नाही. पाहुण्याचे कौतुक करायला खर्च लागत नाही.

गंमत अशी की वरळीचे मंदिर त्याच्या स्वतःच्या परंपरेप्रमाणेही शांत नाही. लेखकांना हे कळत नाही, कारण ते पूजेच्या वेळी जात नाहीत. गेलेच तर ढोलाला 'नादब्रह्म' म्हणून मोकळे होतात. निप्पोनझान म्योहोजी हा ढोल वाजविणाऱ्यांचा पंथ आहे. तेराव्या शतकातील जपानी भिक्षू निचिरेन याच्या परंपरेतून तो आला. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारे 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' हे शब्द मोठ्याने म्हणायचे आणि त्या ठेक्यावर ढोल वाजवायचा, ही त्यांची साधना. मंदिरात मोठा ढोल, आणि रस्त्यावर चालताना हातात धरायचा पंख्याच्या आकाराचा लहान ढोल. पहाटे आणि संध्याकाळी तो घुमतो. त्या आवाजाजवळ बसल्यावर छातीत काय होते ते ज्याने अनुभवले आहे तो त्या जागेला निःशब्द म्हणणार नाही.

आणि हा ढोल देवळात वाजवून थांबणारा नाही. फुजी १९३१ मध्ये हिंदुस्थानात आले, १९३३ मध्ये वर्ध्याला गांधींना भेटले. गांधींच्या आश्रमातील प्रार्थनेत त्यांचा मंत्र म्हटला जाऊ लागला. पुढे हिरोशिमा आणि नागासाकीनंतर या पंथाने जगभर शांतिस्तूप उभारायला घेतले. राजगीरचा १९६९ चा स्तूप आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सुनागावाची हकीकत. टोकियोजवळ तचिकावा येथे अमेरिकेचा लष्करी विमानतळ होता. त्याची धावपट्टी वाढविण्यासाठी सुनागावातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचे ठरले. शेतकरी अडून बसले; विद्यार्थी आणि कामगार संघटना त्यांच्या मदतीला आल्या. १९५६ च्या ऑक्टोबरात मोजणी रोखण्यासाठी जमलेल्या त्या लोकांवर पोलीस चालून गेले, तेव्हा पिवळ्या वस्त्रांतले या पंथाचे भिक्षू हातातले ढोल वाजवीत लोकांबरोबर उभे होते. त्याच महिन्यात इकडे नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही आणि तो ओढूनताणून जोडण्याची मला गरजही वाटत नाही. परंतु शेतकऱ्याच्या जमिनीसाठी पोलिसांच्या काठीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या मंदिराला मराठी लेखक 'जगाच्या कोलाहलापासून दूर' म्हणतो, तेव्हा तो त्या मंदिराचाही अपमान करीत असतो, हे सांगणे भाग आहे.

हा पंथ आपला नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. एका सूत्राचे नाव घेतल्याने कल्याण होते ही श्रद्धा बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही. विद्यार्थ्यांनी तेथे जावे, बसावे, ढोल ऐकावा, आणि नंतर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडून वाचावा. दोन्हींतले अंतर त्यांचे त्यांनाच कळेल.

१९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या मागे, प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी जे प्रश्न उपस्थित केले त्यांतला पहिलाच प्रश्न आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. सिद्धार्थाने घर का सोडले? परंपरा सांगते की त्याने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत हे पाहिलेच नव्हते? विवेकाला न पटणारे हे स्पष्टीकरण ते नाकारतात आणि शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे वळतात. शाक्यसंघ युद्ध करायला निघाला होता. सिद्धार्थाने विरोध केला, मतदानात हरला, आणि शिक्षा म्हणून परिव्रज्या पत्करली. पुढे युद्ध टळल्याची बातमी त्याला मिळाली. तरीही तो परतला नाही. कारण एक भांडण मिटले तरी वर्गावर्गांतले भांडण कायमच आहे आणि दुःखाचे मूळ त्यात आहे, हे त्याच्या ध्यानात आले होते.

आता याच्या प्रकाशात त्या ललित लेखाकडे पाहा. चार दृश्यांची कथा मानली की बुद्ध हा जगाला कंटाळून निघून गेलेला राजपुत्र ठरतो. मग आपणही शहराला कंटाळून पाच मिनिटे त्याच्याजवळ बसावे, हे ओघाने येते. रोहिणीची कथा मानली की बुद्ध पाण्याच्या तंट्यात भूमिका घेऊन हरलेला आणि हरल्यावरही माघार न घेतलेला माणूस ठरतो. अशा माणसापाशी विसावा मागायला जाताना थोडी लाज वाटायला हवी. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये पाण्यासाठी डोकी फोडून घेतलेल्या लोकांना ही दुसरी कथा जवळची वाटली यात नवल नाही. पण ती त्यांच्या सोयीसाठी रचलेली नाही. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे धर्मानंद कोसंबींनी ही दिशा आधीच दाखविली होती, आणि 'बोधिसत्त्व' हे नाटकही त्याच कल्पनेवर लिहिले होते.

कोसंबींचे नाव आलेच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. बौद्ध ठिकाणांना भेट देण्याविषयीचे आधुनिक मराठीतले पहिले मोठे लेखन त्यांच्याच 'निवेदना'त आहे. गोव्यातल्या सांखवाळ गावातून हा माणूस बुद्धाच्या शोधात निघाला. पायपीट, उपासमार, लोकांच्या ओसरीवर झोप. मोठ्या आशेने नेपाळात गेला आणि तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश होऊन परतला. मग बोधगया, कलकत्ता, शेवटी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल स्थविरांच्या हाताखाली. त्या पुस्तकात मंदिरांची आणि विहारांची वर्णने भरपूर आहेत, पण ती कशाविषयी आहेत? जेवण मिळाले का, कोण शिकवतो, पालीची पुस्तके आहेत का, भिक्षू कसे वागतात. नेपाळात बुद्ध दिसला म्हणून ते भारावले नाहीत. जे दिसले ते चांगले नव्हते आणि त्यांनी तसे लिहिले. शंभर वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, मराठीत असे लेखन छापून आले असताना आजचा लेखक झाडे, घंटा आणि मंद हास्य यांपलीकडे जात नाही. याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणावे.

याच कोसंबींनी १९३७ मध्ये मुंबईत परळच्या गिरणगावात 'बहुजन विहार' सुरू केला. जागा निवडली कामगारांची, नाव दिले बहुजनांचे. पैसे मात्र जुगलकिशोर बिर्लांचे. म्हणजे वरळी असो की परळ, मुंबईच्या या दोन्ही बुद्धमंदिरांमागे बिर्लांची थैली आहे, आणि दिल्लीतही १९३९ च्या बिर्ला मंदिराशेजारी बुद्धमंदिर उभे आहे. बुद्ध हा हिंदू धर्माच्याच वाड्यातला एक दालनधारी, ही त्या थैलीमागची समजूत होती. त्या समजुतीत बुद्ध जितका शांत तितका सोयीचा. १९५६ ला नागपुरात जे घडले त्याला मात्र कोणा शेटजीच्या देणगीची पावती जोडलेली नाही.

वरळीच्या मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर बीडीडीच्या चाळी आहेत. एकोणीसशे विसाच्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने मुंबईत चार ठिकाणी त्या बांधल्या. वरळीत त्या १२१ होत्या. तळमजला आणि वर तीन मजले. एका मजल्यावर वीस खोल्या. एका चाळीत ऐंशी. एक खोली १६० चौरस फुटांची. मजल्याला सामाईक संडास, सामाईक नळ. ५ जानेवारी १९७४ ला या चाळींच्या मैदानात दलित पँथरची सभा होती. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार हा विषय होता. सभेवर दगड आले, पोलीस आले, आणि पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोड या भागांत महिनोन्‌महिने दंगल धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चात परळला भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडाने ठार झाला. चौकशीसाठी भस्मे आयोग नेमला गेला. त्या आंदोलनाचा साहित्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की ज्या माणसांनी १९७२ मध्ये पँथर उभी केली त्यांच्यातले बहुतेक कवी आणि लेखक होते.

मंदिरावरच्या लेखांत या चाळी कधीच येत नाहीत. लेखक ज्या रस्त्याने येतो त्या रस्त्याच्या पलीकडेच त्या आहेत, तरी येत नाहीत. त्याला जो 'कोलाहल' मागे टाकायचा असतो तो यांचाच असतो.

मात्र या वादात आपल्या बाजूने एक चूक होण्याचा धोका आहे, तो मी येथेच नोंदवितो. शांततेचा सूर प्रस्थापितांचा आहे म्हणून शांतताच प्रस्थापितांची, आपला तो आवाज, असे समीकरण आपल्यातले काही तरुण मांडतात. हे मला मान्य नाही. काही वर्षांपूर्वी त्या मंदिरात एक मुलगा मला नेहमी दिसायचा. भिंतीला टेकून वही मांडीवर घेऊन बसलेला. मी एकदा विचारले, "काय रे, पूजेला येतोस?" म्हणाला, "नाही सर. परीक्षा आहे. इथं कुणी हाक मारत नाही." चाळीत सहा माणसांच्या खोलीत तो राहत होता. त्याला निर्वाण नको होते, दोन तास हवे होते.

शांतता चौरस फुटांत मोजली जाते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? १६० चौरस फुटांत आजारी म्हातारा, रडणारे मूल, स्टो आणि रेडिओ एकत्र असतात. तेथे शांततेला जागा नसते. म्हणून ती रात्रीतून चोरावी लागते. बाबासाहेबांच्या चरित्रात हे आहेच. परळच्या डबक चाळीतली एक खोली, सगळा संसार तिच्यात. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवून आपण झोपत. एका मुलाच्या दोन-तीन तासांच्या शांततेची किंमत म्हणजे एका म्हाताऱ्या बापाची झोप. पुढे दादरला राजगृह बांधले तेव्हा बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी जागा केली, ती केवळ हौस नव्हती. पाण्यासारखी, जमिनीसारखी शांतताही या समाजात वाटली गेली आहे. कोणाला बंगल्यागणिक, कोणाला पाळीपाळीने. मलबार हिलवर राहणाऱ्याला ती घरी असते. तो मंदिरात जातो ते चवबदल म्हणून. चाळीतला मुलगा जातो कारण ती दुसरीकडे मिळत नाही. या दोघांना एकच शब्द वापरणारी समीक्षा काय कामाची?

आता आपल्या लेखकांकडे वळतो, कारण खरी काळजी त्यांची आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या कवितासंग्रहांत बुद्ध बदललेला दिसतो. तो पुन्हा डोळे मिटू लागला आहे. करुणा, मौन, चांदणे, पिंपळपान असे शब्द एकामागोमाग येतात. २००९ मध्ये गोराईला उभा राहिलेला मोठा पॅगोडा पाहून आल्यावर तर काहींनी श्वासावरच कविता लिहिल्या. साधनेला माझा विरोध नाही. ज्याला तिचा उपयोग होतो त्याने करावी. पण कवितेत ती आली की रोहिणीचे पाणी आटते, आणि आपलाच कवी त्या ललित लेखकाच्या बाकावर जाऊन बसतो. आपल्या परंपरेत याचे उत्तर आधीच दिलेले आहे. दया पवारांची बुद्धावरची कविता आठवावी. त्यांना लेण्यांतला, ध्यानस्थ बुद्ध दिसत नाही. दुबळ्यांच्या दारात चालत, बोलत येणारा दिसतो. स्वतः बाबासाहेबांनी काढलेल्या बुद्धाच्या चित्रातही डोळे उघडे आहेत. एका कवीने आणि त्याच्या आधी एका चळवळीच्या नेत्याने बुद्धाचे डोळे उघडले, ते मिटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

येथे कोणी संस्कृत काव्यशास्त्राचा हवाला देईल. बुद्ध म्हणजे शांतरस, आणि अभिनवगुप्ताने शांताला सर्व रसांत श्रेष्ठ मानले आहे, असे सांगेल. सांगू द्यावे. भरताचे रस मुळात आठ; शांत हा नववा, नंतर चर्चेला आलेला. आणि त्याच शास्त्रात हर्षाच्या 'नागानंद' नाटकावरून जो वाद झाला तो या मंडळींनी वाचावा. नागांऐवजी गरुडासमोर स्वतःचा देह ठेवणारा जीमूतवाहन हा त्या नाटकाचा नायक. तो बोधिसत्त्वच आहे. काहींनी त्याला शांतरसाचा नायक म्हटले. 'दशरूपका'च्या परंपरेने ते नाकारले आणि हा वीररस आहे, दयावीर आहे, असे सांगितले. दुसऱ्याचा बळी जात असताना जो मध्ये पडतो त्याचा रस कोणता, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी पंडितांनाही नीट पडला होता. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची चर्चा करताना रस या कल्पनेलाच नकार देणारे आपले समीक्षक मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्याशी माझा फारसा मतभेद नाही. तरीही पंडितांच्याच पोथीतून 'दयावीर' हा शब्द हाताशी येत असेल तर तो टाकून का द्यावा?

बाबासाहेबांच्या प्रास्ताविकातला शेवटचा प्रश्न भिक्खूविषयीचा आहे. संघ स्थापण्यामागे बुद्धाचा हेतू काय होता? एक परिपूर्ण मनुष्य घडवायचा की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक असा माणूस घडवायचा? पहिल्या प्रकारच्या भिक्खूचा धम्माच्या प्रसाराला उपयोग नाही, असे बाबासाहेबांनी रोखठोक लिहिले. विहारालाही तोच प्रश्न लावता येतो. बीडीडी चाळींतल्या तळमजल्यांवर, मैदानांच्या कडेला जी लहान विहारे होती आणि आहेत, त्यांना कोणी लेखक 'शांत' म्हणणार नाही. तेथे वंदना होते, लग्ने जमतात, भांडणे मिटतात, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब होतो, आणि परीक्षेच्या दिवसांत मुले अभ्यासाला बसतात. पत्रे तापतात, पंखा कुरकुरतो. साहित्यात त्यांची वर्णने अजून यायची आहेत. आत्मकथनांत ती ओझरती येतात, तेवढीच.

आणि वेळ फार नाही. वरळीच्या चाळी पाडून तेथे टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याचा मला आनंद आहे. चाळीतल्या जीवनाचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. सामाईक संडासापुढच्या रांगेला ज्यांनी संस्कृती म्हटले ते कधी त्या रांगेत उभे नव्हते. बंद होणारे दार आणि स्वतंत्र खोली आता आपल्या मुलांना मिळते आहे. शंभर वर्षांनी का होईना, त्या चौरस फुटांबरोबर थोडी शांतताही वाट्याला येते आहे. तिच्यात बसून ही मुले काय लिहितील याची मी वाट पाहतो आहे. पण विहाराचे काय? इमारतींच्या नकाशात त्याला जागा किती, ती कोणत्या मजल्यावर, तेथे अभ्यासिका आहे का, तिचे दार रात्री किती वाजेपर्यंत उघडे राहील, हे प्रश्न रहिवाशांच्या बैठकांत निघतात. आपले कवी-लेखक त्या बैठकांना जात नाहीत. त्यांनी एका रविवारी जपानी मंदिरातून निघाल्यावर रस्ता ओलांडावा, बैठकीत जाऊन बसावे, आणि नकाशा मागून घ्यावा.